छाती दुखत नाही म्हणणारा माणूस

ती घटना आठवायला मला कुठली फाईल उघडावी लागत नाही. कुणी जबडा किंवा खांदा चोळत बसलेलं दिसलं, की ती आपोआप आठवते आणि मी त्या माणसाकडे नको तितकं बघत राहते.

मी निवृत्त झाले म्हणण्याइतकं माझं वय नाही. नऊ वर्षं पोलीस उपनिरीक्षक होते, मग राजीनामा दिला. कारणं घरची होती, ती इथे सांगत नाही. शेवटची अडीच वर्षं मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात काढली. शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमात झालेलं, त्यामुळे जबाब लिहिताना माझा वेळ इतरांच्या दुप्पट जायचा. समोरचा माणूस सांगायचा, मी एक वाक्य लिहायचे, परत विचारायचे, खात्री करून पुढचं लिहायचे. आमचे हवालदार म्हणायचे, मॅडमांच्या जबाबाला बसायचं तर डबा घेऊन यावं. ते खरं होतं. पण असं लिहिलेलं वाक्य लवकर विसरत नाही.

प्रकरण सुरू झालं एका अकस्मात मृत्यूने. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांच्या बोटीवर काम करणारा एकोणतीस वर्षांचा तरुण सकाळी अंगणात तोंड धुताना कोसळला आणि तिथेच गेला. शरीर असं, की मृतदेह उचलायला चौघे कमी पडले. जिल्ह्यातल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत त्याला दोनदा बक्षीस मिळालेलं होतं. आम्ही नोंद घेतली, इन्क्वेस्ट पंचनामा केला, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की हृदय नको तितकं मोठं झालंय, मुख्य रक्तवाहिनीत गाठ आहे, आणि या वयात हे असं दिसत नाही. रासायनिक तपासणीसाठी व्हिसेरा राखून ठेवला होता. मग त्यांनी विचारलं, घरात सुया सापडल्या का?

आम्ही शोधल्याच नव्हत्या. मेलेल्या माणसाच्या घरात कोणी डबे उघडत नाही. दुसऱ्या दिवशी पंच घेऊन गेलो, तेव्हा प्रोटीन पावडरच्या रिकाम्या डब्यात सिरिंजा आणि औषधाच्या छोट्या बाटल्या निघाल्या. एका बाटलीच्या लेबलवर घोड्याचं चित्र होतं, म्हणजे जनावरांना टोचायचं, स्नायू फुगवणारं स्टेरॉइड.

त्याच दिवशी मी त्याच्या आईचा जबाब घेतला. ती ओट्यावर बसली होती, रडून झालेली. तिला सगळ्यात जास्त राग कशाचा, तर तो दोन महिने घरचं माशाचं कालवण खात नव्हता याचा. मीठ न घातलेले उकडलेले मासे, अंड्याचा पांढरा भाग, बस्स. मी हळूहळू लिहीत गेले. शेवटच्या आठवड्यात तो जिना चढून आला की वरच्याच पायरीवर बसायचा. आडवा झाला की दम लागायचा, म्हणून पाठीला उशा लावून बसूनच झोपायचा. छातीत जड वाटतं म्हणाला, तर तिने पित्त समजून आमसुलाचं पाणी दिलं. आणि एक गोष्ट तिने मध्येच सांगितली, जणू तिचा काही संबंध नाही.

"दाढ दुखता म्हणून तो दाताच्या डाक्टराकडे गेलो. त्यान सांगल्यान, दातांत कायच नाय."

कुठली दाढ, असं मी विचारलं. खालची, डावीकडची. मी तेही लिहिलं. का लिहिलं, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

बाटल्या आल्या कुठून, हा प्रश्न राहिला होता. गावात कोणी बोलायला तयार नव्हतं. तो ज्या व्यायामशाळेत जायचा तिथली सगळी मुलं एकच उत्तर द्यायची, आम्ही फक्त पावडर घेतो. चार दिवसांनी ठाण्यात एक बाई आली. पन्नाशीची, पदराच्या टोकाने बोट गुंडाळलेलं. जेटीजवळच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर ती व्यायामशाळा होती आणि ही बाई तिथे झाडलोट करायची. ती तक्रार द्यायला आलीच नव्हती.

"बाय, माका सुई टोचली. तेना रगत खराब होता म्हणतत, खरां काय?"

हवालदार तिकडून म्हणाले, "मॅडम म्हण गो." तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिला आधी रक्ततपासणीसाठी रुग्णालयात पाठवायची व्यवस्था केली. मग विचारलं, सुया किती असतात? ती म्हणाली, आधी आठवड्याला दोन-चार सापडायच्या, आता स्पर्धा जवळ आली की डबा भरतो. आणि कचरा बाहेर टाकण्याआधी मुख्य ट्रेनर त्यातल्या बाटल्या वेगळ्या काढून घरी नेतो.

आमच्या कामात खबर अशीच येते. ज्याला काही मागायचं नसतं, तो सगळ्यात जास्त सांगून जातो.

ट्रेनरला नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बोलावलं. तो आला साडेदहालाच. वय एकतीस, बायको, तीन वर्षांची मुलगी. येत्या रविवारी कसालला स्पर्धा होती आणि तो स्वतः उतरणार होता. चेहरा ओढलेला, डोळे आत गेलेले, हातावरच्या शिरा सुतळीसारख्या. हवालदारांनी चहा पुढे केला, त्याने नको म्हटलं. पाणीही नको म्हटलं. स्पर्धेआधी हे लोक शरीर आटवतात, पाणी तोडतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मनात लिहिलं, घाबरलेला आहे.

चौकशीत मी फार बोलत नाही. हा माझा स्वभाव आहे, युक्ती नाही, पण लोकांना ती युक्ती वाटते आणि ते शांतता भरून काढायला बोलू लागतात. त्याच्यावर ते चाललं नाही. मी बाटल्यांचे फोटो टेबलावर ठेवले. त्याने बघितले आणि म्हणाला, कधी पाहिल्या नाहीत. मेलेला तरुण त्याचा शिष्य होता ना, असं विचारल्यावर मान खाली घातली. मग उजव्या हाताने डाव्या जबड्याखाली दाबू लागला.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. पंखा त्याच्या डोक्यावर होता, तरी कपाळावर घाम होता. टीशर्ट पाठीला चिकटला होता. हवालदारांनी माझ्याकडे बघून ओठ दुमडले. त्यांची पंचवीस वर्षांची नोकरी. कोठडीत टाकायची वेळ आली की आरोपीच्या छातीत कळ येते, रुग्णालयात दोन दिवस पलंग मिळतो, तोवर वकील येतो, हे त्यांनी शंभर वेळा पाहिलेलं.

"आता ह्याच्या छातीत दुखूक लागात, बघा."

दाराशी उभा असलेला शिपाई हसला. मीही थोडी हसले असेन. हे लपवण्यात अर्थ नाही.

ट्रेनर चटकन ताठ बसला. "नाय, नाय. माका कायच होणा नाय. काल छाती मारलंय, तीच धरली आसा."

व्यायामाच्या भाषेत छाती मारणं म्हणजे छातीच्या स्नायूंचा व्यायाम. पण मी त्याच्या उत्तरापाशी अडकले. हवालदार ज्या नाटकाबद्दल बोलत होते ते मीही पाहिलं होतं. नाटक करणारा छातीवर पंजा ठेवतो आणि तुमच्याकडे बघतो. तुम्ही बघताय ना, याची खात्री करून घेतो. या माणसाला आम्ही आयती संधी दिली होती आणि तो ती नाकारत होता. त्याला दुखत होतं आणि ते दिसू नये म्हणून तो धडपडत होता.

मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "दाढ दुखते का? डावीकडची, खालची?"

त्याचा हात जबड्यावरच थांबला. "तुमका कोणी सांगल्यान?"

"किती दिवस?"

परवापासून, असं तो म्हणाला. डावा हातही जड वाटतो का? थोडा. जिना चढताना दम लागतो? त्याने जबड्यावरचा हात काढून मांडीखाली सरकवला. तोवर त्याच्या ओठांचा रंग मला आवडेनासा झाला होता.

मी मेलेल्या तरुणाच्या आईचा जबाब मागवला नाही. मला तो शब्द न् शब्द पाठ होता.

उठले आणि गाडी काढायला सांगितली. हवालदारांनी एकदाच विचारलं, "मॅडम, नक्की?" मी म्हटलं, नक्की नाही, पण चला. त्यानंतर मात्र त्यांनी शंका काढली नाही. त्याला चालू दिलं नाही, दोघांनी खुर्चीसकट उचलून जीपपर्यंत नेलं. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली. निरीक्षक साहेबांना मी फोनवर कळवलं. ते म्हणाले, न्या, पण सोबत बंदोबस्त ठेवा, आणि पळाला तर उत्तर तुम्ही द्यायचं. वाटेत तो मला तीन वेळा म्हणाला, रविवारी स्पर्धा आहे, रक्त काढू देऊ नका.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढला. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्यांच्या हालचाली बदलल्या. हार्ट अटॅक होता, चालू होता. मोठ्या रुग्णालयात हलवायला हवं होतं, त्याआधी काही औषधं द्यायची होती आणि त्यासाठी हा काय घेतो ते कळणं गरजेचं होतं. डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, प्रोटीन. पुन्हा विचारलं. प्रोटीन. बोलताना तो डॉक्टरांकडे बघतच नव्हता, माझ्या वर्दीकडे बघत होता.

मला हवं होतं ते उत्तर त्याच्या तोंडात होतं. आणि मी तिथे उभी होते म्हणूनच ते बाहेर येत नव्हतं.

मी त्याच्या कानाशी वाकले. "मी बाहेर जाते. डॉक्टरांना सांगशील ते मी ऐकणार नाही, लिहिणार नाही, त्यांना विचारणारही नाही. पण सगळं सांग."

"शप्पथ?"

"शप्पथ."

शिपायालाही बाहेर घेतलं आणि दार ओढलं. बाकावर त्याची बायको येऊन बसली होती, मांडीवर मुलगी. ती काही विचारेल म्हणून मी भिंतीकडे बघत उभी राहिले. आतून त्याचा आवाज येऊ लागला, तुटक, बराच वेळ. मी व्हरांड्याच्या टोकाला गेले, शब्द कळू नयेत म्हणून.

नंतर साहेबांनी विचारलं, तुम्ही बाहेर का गेलात? संशयित बोलत असताना तपास अधिकारी व्हरांड्यात! मी म्हटलं, सर, तो माझ्याशी बोलत नव्हता. त्यांनी पुढची फाईल ओढली.

त्याला गोव्यात हलवलं. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

बारा दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला, ह्यांनी तुम्हाला बोलावलंय. मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेले. तो पलंगावर बसला होता, खांदे उतरलेले, जेमतेम अर्धा वाटला. म्हणाला, आता लिहा. मी आठवण करून दिली, की लिहिलं तर ते तुझ्याही विरुद्ध जाईल. तो म्हणाला, माहीत आहे. मग त्याने पुरवठा करणाऱ्याचं नाव दिलं. दोडामार्गच्या बाजूला एका काजूच्या बागेतल्या पंपघरात माल ठेवलेला असायचा. औषध निरीक्षकांना घेऊन आम्ही छापा घातला, मुद्देमाल जप्त केला. खटला अजून चालू आहे, त्यामुळे त्याबद्दल इतकंच.

पण त्याने आधी सांगितलं ते पुरवठादाराचं नाव नव्हतं. आधी त्याने सात तरुणांची नावं सांगितली. त्याने स्वतः ज्यांना सुया टोचल्या होत्या, ते सात. म्हणाला, आधी ह्यांका डाक्टराकडे न्या, मगे माका काय ता करा.

या प्रकरणाने मला जे शिकवलं, ते मी भाषण म्हणून सांगत नाही. प्रत्येकाकडे दुखण्याचं एक तयार उत्तर होतं. व्यायाम करणाऱ्याला वाटलं स्नायू धरला. आईला वाटलं पित्त. दाताच्या डॉक्टरांनी दात पाहिला, आम्ही पोलिसांनी नाटक पाहिलं. तीस वर्षांच्या पिळदार माणसाचं हृदय बंद पडतंय, हे कोणाच्याच उत्तरात नव्हतं. छातीवर दाब, जबडा, मान किंवा डाव्या हातात उतरणारी कळ, बसल्या जागी थंड घाम, अचानक दम, आडवं होता न येणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. तुम्ही इंजेक्शन घेत असाल तर वय आणि दंड मोजत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना सगळं सांगा. डॉक्टर पोलीस नसतात. पोलीस समोर असतील तर त्यांना बाहेर जायला सांगा. ते नाही गेले, तर पुन्हा सांगा.

सातपैकी सहा जण रुग्णालयात आले. एकाला औषधं सुरू करावी लागली, बाकीच्यांचं बरं निघालं. सातवा आला नाही. दोनदा निरोप दिला, मग मी घरी गेले. तो कामाला गेला होता. आई दारात उभी राहिली, मला आत ये म्हणाली नाही. तो बरो आसा, दोन माणसांचा जेवता, असं म्हणाली. पोलीस दारात आलेले कोणालाच नको असतात, त्यात तिचं चुकत नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिला एकेक लक्षण सांगितलं आणि माझा स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला. ठाण्याचा नको म्हटलं, हा लावा.

"आणि कायच झाला नाय तर?" तिने विचारलं.

"तर लावू नका."

तिने कागदाची घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. त्यानंतर मी नोकरी सोडली, घर बदललं. नंबर बदललेला नाही. त्या घरून अजून फोन आलेला नाही.