दाविदकाकांचा घाणा

एस.टी.च्या टपावर शेवटची ट्रंक चढली, तेव्हा दाविदकाका गाडीतून उतरून पुन्हा आमच्या गोठ्यात गेले. सगळे खोळंबले. इस्राएलला निघालेला माणूस बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभा होता आणि माझे बावा त्यांच्याकडे पाठ करून रडत होते. मी सात वर्षांची होते.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे इथे कुवेतला आलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. तुम्ही विसरायला लागलाय आणि मला त्याचा राग आलाय.

इथे जन्मलेल्या पोरांसाठी सांगते. रायगडातलं आपलं खाडीकाठचं गाव निम्मं आपलं मुसलमानांचं, निम्मं बेने इस्राएलांचं. म्हणजे ज्यू. मराठी बोलणारे, तेल गाळणारे, शनिवारी कामाला हात न लावणारे. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा दाविदकाकांचा, बैल आमचा. शुक्रवारी बावा नमाजाला गेले की काका एकटे घाणा सांभाळत. शनिवारी घाणा बंद. काका गेले आणि घाणा बावांकडे आला. पहिल्याच शनिवारी ते बैल जुंपायला गेले, तर तो जुवाखाली मान देईना. बावांनी चाबूक उचलला नाही. जू खाली ठेवलं आणि म्हणाले, "शनवार आपला नाय, पन बैलाचा हाय." मग घाणा होता तोवर शनिवारी आमच्याकडे सुट्टीच असे.

आता मी इथल्या अब्बासिया भागात टायपिंग सेंटरमध्ये बसते, लोकांच्या इकाम्याचे, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचे, अर्ज भरते. म्हणून आपल्या इथल्या गावकरी मंडळानं गावाच्या इतिहासाची पुस्तिका टाईप करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. हाती आलेल्या मजकुरात बेने इस्राएल औषधालाही नव्हते. वर लिहिलं होतं की गावातला घाणा माझ्या बावांनी सुरू केला.

मी मंडळाचे अध्यक्ष सत्तारचाचा यांना फोन लावला.

"तुज्याच बापाचा नाव लावलाय, मग तुला काय टोचतंय?" ते म्हणाले. "आपुन कुवेतमदी रव्हतो. इस्राएलचा नाव काडून सगल्यांचा इकामा घालवशील."

भीती मलाही वाटते. माझी मुलगी इथे शिकतेय. "ममा, जस्ट लीव्ह इट," ती म्हणाली. पण चाचा, दाविदकाकांनी कुणाचं राज्य घेतलं होतं? त्यांच्या पोरांनी आणि आपण एकाच मास्तरांचा मार खाल्लाय. माझ्या बापाला मान दिलात असं तुम्हाला वाटतं. मला वाटलं, माझ्या गेलेल्या बावांना तुम्ही दुसऱ्याच्या घाण्याचा चोर ठरवलंत.

मी खरं पान टाईप करून दिलं. मंडळानं ते वगळून पुस्तिका छापली आणि वाटायला माझ्याकडेच पाठवली, ही त्यांची चूक. मी ते पान सेंटरच्या मशीनवर छापलं आणि एकेका पुस्तिकेत स्टेपल केलं. मंडळाच्या खैरानच्या समुद्रकाठच्या सहलीला सगळ्यांच्या हातात पुस्तिका दिली. आणि तोंडानंही सांगितलं, की हे पान मी घातलंय, ज्याला बोलायचंय त्यानं माझ्याशी बोलावं.

चाचांनी माझ्यादेखत आपल्या पुस्तिकेतलं पान उपटलं. शेजारी फातिमाचाची, त्यांची बायको, चष्मा लावून आपल्या पुस्तिकेतलं तेच पान वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं मला हाक मारली. मला वाटलं, आता हीही झापणार.

"दाविदभावची बायको रिबका," ती म्हणाली, "तिचा नाव कसा गो र्‍हायला? माजी दोन बालंतपणा केली तिनं."

मी पेन काढलं आणि तिच्या पानावर रिबकाचं नाव लिहिलं. मग सगळ्यांकडून पुस्तिका मागून घेतल्या आणि एकेकीत लिहीत बसले. कुणी दिली, कुणी दिली नाही.

तुझं घर आता कुठलं, असं मला विचारतात. माझं घर तेच गाव, पण सगळं. अर्धं दिलंत तर मी त्याला घर म्हणणार नाही.