टाचेखालचा हात

जड कपाट जिन्यावरून उतरवताना खालचा माणूस भरवशाचा लागतो. खुंटा कायम खालीच असे. एकदा रोवला की हलत नाही, म्हणून तर हमालांनी हे नाव ठेवलं. वरची बाजू थोरल्या भावाची. दोघा भावांची जोडी खुंट्याच्या लग्नाआधीपासूनची.

एके दिवशी जिन्याच्या वळणावर खुंट्याचा डावा पाय त्याचा राहिला नाही. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत. पाय ऐकेनाच. कपाट कठड्याला अडकलं म्हणून तो वाचला.

मेंदूचे, कमरेचे फोटो निघाले. सगळं स्वच्छ.

"स्वच्छ आहे तर ऊठ की!" दादा म्हणाला. खुंटा पाय फरपटत दारापर्यंत गेला. त्याच्या बायकोसमोर दादा म्हणाला, "ओझ्याखाली कोण अंग चोरतो, ते मला हाताला कळतं."

खुंटा दिवसभर पायाकडे बघत बसे. परक्याचा पाय कुणी आपल्या अंथरुणात ठेवून गेलंय, असं वाटे. बायको पांघरूण घालायला आली की म्हणे, "त्याच्यावर नको घालूस." ती चरकायची.

शेवटी नसांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं केलं. "डावी टाच गादीवर दाबा." टाच ढिम्म. मग त्यांनी दादाला बोलावलं. "हात ठेवा तिच्याखाली." मग खुंट्याला म्हणाल्या, "आता तुम्ही उजवा पाय उचला." उजवा पाय त्यांनी वरून दाबून धरला. खुंट्याने जोर लावला, तसा दादाचा हात गादीत रुतला.

"सापडला चोर!" दादा ओरडला. "नाटकं सगळी!"

खुंट्याला दरदरून घाम फुटला. त्याने काहीच दाबलं नव्हतं.

"हाताला कळलं ते बरोबर. निकाल चुकला," बाई म्हणाल्या. "हीच या आजाराची खूण. ताकद आहे, नसा शाबूत आहेत. पण मुद्दाम हलवायला गेलं की मेंदूचा हुकूम पोचत नाही. लक्ष दुसऱ्या पायात गेलं की हा आपसूक दाबतो. फोटोत हे दिसत नाही. आजार खरा आहे. योग्य व्यायामाने सुधारू शकतो. किती, ते आज सांगता येणार नाही."

दादा घामेजल्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "फरपटायला चालण्याहून जास्त मेहनत पडते," तो हळूच म्हणाला. "कामचुकार असता तर नुसतं बसून राहता येईल असं सोंग घेतलं असतं."

खुंट्याचं तिकडे लक्ष नव्हतं. "बाई, मी दाबलं नाही. मग कुणी दाबलं?"

"तुम्हीच."

बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, त्याचाच तळहात डाव्या मांडीखाली ठेवला. "उजवा गुडघा उचला."

तळहातावर भार आला. चांगला, कमावलेल्या पायाचा भार. आत कुणीतरी होतं, आणि त्याला न विचारता काम करत होतं.

"आला?" दादाने विचारलं.

खुंट्याने मान डोलावली. हात मात्र काढेना.