अर्जुनीच्या रस्त्यासाठी गाडी

मला गाडी घ्यायची नव्हती. गोंदियाहून अर्जुनी मोरगावला रोज अप-डाऊन करणाऱ्या माणसाने असं म्हणणं विचित्र वाटेल, पण इतकी वर्षं मला तिची गरजच पडली नाही. सरांची गाडी होती. सर म्हणजे आमच्या ज्युनियर कॉलेजात अकाउंट्स शिकवणारे. मी भूगोल शिकवतो. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच गल्लीच्या दोन टोकांना घरं घेतली, आणि तरी शेवटपर्यंत एकमेकांना सरच म्हणत राहिलो. नावाने हाक मारायची वेळ आली नाही.

सकाळी ते फाटकासमोर येऊन थांबायचे. हॉर्न वाजवायचे नाहीत. मी डबा घेऊन निघायचो आणि डावीकडे बसायचो. गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी. कोहमाऱ्याच्या चौकात चहा. उन्हाळ्यात गाडी उन्हात उभी राहायची तेव्हा ते स्टिअरिंगवर ओला दुपट्टा टाकून ठेवायचे, म्हणजे परतताना हात भाजत नसत. आमचं बोलणं बेताचंच. परीक्षेचे पेपर, मुलांच्या अॅडमिशन, कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी साचलं, कोणाच्या नाही. पुष्कळदा परतीच्या रस्त्यावर मला झोप लागायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी सर घरी कूलरला नवी खस लावत होते. लावता लावता खाली बसले, ते उठले नाहीत. त्यांच्या घरून वहिनींचा फोन आला आणि मी धावत गेलो. कूलर तसाच उघडा होता. एका बाजूला नवी खस, दुसऱ्या बाजूला जुनी, काळी पडलेली. दवाखान्यात नेलं, पण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी रडलो नाही. घाटावर आलेल्या लोकांना पाण्याच्या बाटल्या दिल्या. तेरवीच्या दिवशी पंगतीत भात वाढला. लोक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, सर, तुम्ही फार धीराने घेतलं. मला धीर धरावाच लागत नव्हता. काही ओढत नव्हतं, काही दुखत नव्हतं. भूक लागायची, जेवायचो. मे महिना असा गेला.

जूनच्या शेवटी कॉलेज सुरू झालं आणि मी एसटीने जाऊ लागलो. रेल्वेही आहे, पण तिची वेळ जुळेना. सकाळी फार लवकर निघावं लागायचं आणि संध्याकाळी स्टेशनवर बसून राहावं लागायचं. एसटीत गोरेगावपर्यंत उभं राहायचं, पुढे जागा मिळाली तर मागच्या चाकावरची. माझ्या कंबरेचा जुना त्रास आहे. दोन महिन्यांत तो एवढा वाढला की घरी आल्यावर मी बूट न काढताच हॉलमध्ये फरशीवर आडवा व्हायचो. पंखा बघत पडायचो.

एका संध्याकाळी बायको पोळ्या टाकायच्या सोडून बाहेर आली. ती आमगावकडची, धानाच्या शेतकऱ्याच्या घरची. गोल गोल बोलत नाही.

"हे असं नाई चालत," ती म्हणाली. "गाडी घेऊन टाका."

"बघू."

"बघू नाई. रोजचं जाणंयेणं हाय. आरामाची घ्या. बाकी काई पाहू नका."

पुढच्या रविवारी तिनेच मला शोरूममध्ये नेलं. सेल्समन माझ्याच वयाचा होता, केसांना रंग लावलेला. त्याने एका पांढऱ्या गाडीचे चारी दरवाजे उघडले आणि म्हणाला, "बैठिए सर, आराम से देखिए." मी गेलो आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. पट्टा लावला. समोर काचेपलीकडे दुसरी एक गाडी होती आणि तिच्यावर रिबिनीचा मोठा लाल गोंडा होता.

सेल्समन थोडा वेळ थांबला. मग त्याने बायकोला विचारलं, "मैडम, आप चलाएंगी?"

"नहीं, यही चलाएंगे," ती म्हणाली, आणि वाकून मला म्हणाली, "असे काऊन बसता? तिकडून बसा ना."

मी उतरून वळसा घालून उजवीकडे बसलो. मला गाडी येते. लायसन्स जुनं आहे. सरांना ताप असला की मी चालवायचो. पण ती सीट चांगली की वाईट हे मला कळेना. सेल्समन विचारत होता, पाठीला आधार मिळतो का, समोरचं दिसतं का, हात टेकतो का. मी प्रत्येक वेळी हो म्हणत होतो. चक्कर मारायला निघालो तेव्हाही मी त्यालाच चालवा म्हणालो. तो चालवत होता, मी बाजूला, बायको मागे. त्याने स्पीड ब्रेकरवरून मुद्दाम जोरात नेली. "देखा सर? पता भी नहीं चला." खरंच पता नहीं चला. त्या दिवशी आम्ही तीन गाड्या पाहिल्या. मला तिन्हींमध्ये काही फरक वाटला नाही. रंग कोणता, असं विचारलं तेव्हा मी "कोणताही" म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि सेल्समनला सांगितलं की आम्ही फोन करतो.

मग दोन दिवसांनी वहिनींचाच फोन आला. "भाऊजी, गाडी पाहून राहिले म्हणे. आपली हाय ना घरी. कायले नवी घेता?"

मी संध्याकाळी गेलो. गाडी अंगणात, कव्हर घातलेली. वहिनींनी स्वतः कव्हर ओढलं, किल्ली दिली आणि पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. बॅटरी उतरली असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा भाऊ अधूनमधून येऊन चालू करून ठेवत होता. मी उजवीकडे बसलो. सर माझ्यापेक्षा बरेच उंच. सीट त्यांच्या मापाने मागे सरकवलेली होती, माझा पाय क्लचपर्यंत नीट पोहोचेना. खाली दांडा असतो, तो ओढला की सीट पुढे येते. एवढंच करायचं होतं. मी हात खाली नेला, दांडा हाताला लागला. थंड होता. मी तो ओढला नाही. किती वेळ तसा बसलो, माहीत नाही. वाईट वाटत होतं असंही नाही. हात फक्त तिथे होता.

मग उतरलो आणि म्हणालो, "वहिनी, क्लच जड आहे. माझ्या कंबरेला जमायचं नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "जड तर हायच. तेही म्हणत."

त्यांनी किल्ली घेतली. ती हातात फिरवत म्हणाल्या, "मग मीच शिकून घेतो. उभी राहून सडल नाईतर." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, घेतो, जातो. मला वाटलं, त्या बोलायचं म्हणून बोलल्या. आम्ही दोघांनी मिळून कव्हर परत घातलं. एका कोपऱ्याची इलॅस्टिक सैल झाली होती, तिथे त्यांनी वीट ठेवली.

शेवटी गाडी ठरवली ती बायकोने, आणि शोरूममध्ये नाही. आमगावला तिचा चुलत भाऊ आहे, शेती आणि छोटं दुकान. आम्ही पाहिलेल्या तीनपैकी एकीसारखीच गाडी त्याच्याकडे होती, क्लच नसलेली, ऑटोमॅटिक. बायकोने त्याला फोन करून ती एका सुट्टीच्या दिवशी मागून घेतली. म्हणाली, "शोरूमवाला दोन चौक फिरवते. तुमाले तर अर्जुनीलेच जायचं हाय. तिकडेच नेऊन पाहू."

आम्ही निघालो. डावा पाय आधी क्लच शोधत राहिला, मग गोरेगावच्या पुढे शांत झाला. सीट थोडी उंच होती, मांडीखाली गुडघ्यापर्यंत आधार होता, रस्ता वरून दिसत होता. दोन्हीकडे धान कमरेएवढं झालं होतं. कोहमाऱ्याला मी चहासाठी थांबलो नाही. बायकोने विचारलं, "चहा?" मी म्हणालो, "पुढे घेऊ." पुढचा खराब पट्टा आला तेव्हा गाडी हलली, पण कंबरेत कळ आली नाही. मी तिला हे सगळं एखाद्या रिपोर्टसारखं सांगत होतो. ती हूं हूं करत होती. नवेगावबांध मागे पडलं आणि हूं बंद झालं. पाहिलं तर ती झोपली होती, तोंड किंचित उघडं, हातात मोबाईल.

मी गाण्यांचा आवाज बारीक केला, मग पूर्ण बंद केला. तेव्हा लक्षात आलं की सरही असंच करायचे. मला जाग यायची तेव्हा गाडीत काही वाजत नसायचं, आणि मला वाटायचं, गाणी आधीच संपली असतील. हे लक्षात आलं आणि मी वाट पाहिली, आता काहीतरी होईल, डोळे भरतील. काही झालं नाही. समोरून धानाची पोती भरलेला ट्रक आला, मी बाजू दिली.

अर्जुनीला कॉलेजच्या बंद फाटकापाशी गाडी उभी केली तेव्हा ती उठली. "आलं का?" तिने डोळे चोळले. "मले तर झोप लागली."

"हो."

"म्हणजे चांगली हाय. हेच घ्या."

घेतली. दसऱ्याच्या सुमारास मिळाली. बायकोने हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, मी नारळ फोडला. शोरूमवाल्यांनी फोटो काढला. त्या फोटोत मी गाडीशेजारी असा उभा आहे, जणू काही एसटीची वाट पाहतो आहे.

गाडी चांगली आहे. कंबर दुखायची थांबली, संध्याकाळी मी फरशीवर पडत नाही. कॉलेजात पेढे वाटले. प्राचार्य म्हणाले, आता सर तुम्ही निवांत. वहिनी खरंच शिकल्या. एका सकाळी गोरेगावच्या अलीकडे ती जुनी गाडी समोरून येताना दिसली, काचेवर लाल 'एल', बाजूला त्यांचा भाऊ. वहिनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून रस्त्यावर डोळे रोखून बसल्या होत्या. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही, आणि पाहायला नकोच होतं, माझ्या मागून ट्रॅव्हल्सची बस येत होती. मी आरशात पाहिलं. त्यांनी बसला साइड दिली, बरोबर दिली.

पहिल्या सर्व्हिसिंगनंतर शोरूममधून एका मुलीचा फोन आला. मी अर्जुनीहून परतत होतो, गाडी बाजूला घेऊन थांबलो. शेतात कापणी चालू होती, बाया ओळीने वाकलेल्या होत्या.

"सर, गाडी का कम्फर्ट कैसा है? दस में से कितना देंगे?"

"दस," मी म्हणालो.

"सीट? एसी? आवाज तो नहीं आती अंदर?"

"नहीं. अंदर एकदम शांत रहता है."

"कोई तकलीफ, सर?"

मी शेतातल्या बायांकडे पाहत राहिलो. तिला वाटलं फोन कटला. "हॅलो? सर?"

"हूँ मैं," मी म्हणालो. "मेरे एक दोस्त थे. उनके साथ आता-जाता था."

पलीकडे कोणीतरी हसत होतं, दुसऱ्या टेबलावर असावं. मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "जी सर." आणि मग, "सर, गाड़ी धीरे चलाइए. अंधेरा जल्दी हो जाता है अब."

मी हो म्हणालो. ते मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं होतं, आणि मित्र हा शब्दही पहिल्यांदाच वापरला होता, तोही हिंदीत. फोन ठेवला. शेतातल्या बाया पेंढ्या बांधायला लागल्या होत्या. मी इंडिकेटर दिला, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबलो आणि निघालो.