‘टेपवाली’ आणि मी दाबलेलं बटण

“टेपवाली येऊन राह्यली बे यंदा,” पंकज म्हणाला आणि सगळे हसले.

खामगावच्या कॉलेजचं मैदान होतं. रॉक शोला पंधरवडा बाकी होता. स्टेज कुठे, जनरेटर कुठे, केबल कुठून न्यायची हे बघायला मी गेलो होतो. व्हॉलंटियर म्हणून नावं दिलेली पोरं स्टेजच्या जागेवर बसून मागच्या शोच्या गप्पा मारत होती. सगळे मेटलचे, म्हणजे रॉकमधल्या सगळ्यात कर्कश प्रकाराचे फॅन. काळे टी-शर्ट, त्यावर वाचता न येणारी अक्षरं. कोणी पुण्याला शो पाहून आलेला, कोणी नागपूरला. कुठल्या बँडचा ड्रमर कसा, कुठे बास छातीत कसा बसला, कुठे गर्दीत चप्पल कशी गेली, हेच चाललेलं. मला ऐकायला मजा येत होती. आमच्याकडे लोक कीर्तन ऐकून परतताना बुवांबद्दल असंच बोलतात.

मग रूपालीचं, म्हणजे त्या ‘टेपवाली’चं नाव निघालं.

“मी स्वतः होतो नं तिथं,” पंकज सांगत होता. “पोरगी तोंड हलवून राह्यली, अन् आवाज गायब. गाणं भरून आणलेली टेप अडकली असन. माह्याजवळ क्लिप आहे.”

“मंग म्हणे माइक बंद होता.”

“साउंडवाल्यानंच सांगितलं, माइक चालू होता म्हणून. तो काऊन खोटं बोलीन?”

तो साउंडवाला मी. पोरांना ते माहीत नव्हतं. मी टेप हातात धरून, म्हणजे मोजायची टेप, त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा होतो. मोजलेले आकडे डोक्यातून गेले. पुन्हा मोजावं लागलं.

आता नीट सांगतो.

मी जन्मभर साउंड सर्व्हिस चालवली. लग्न, सप्ताह, सभा, गॅदरिंग. घाटाखालच्या गावांत माझा माइक वाजला नाही असं गाव कमी. कीर्तनाचा साउंड करणाऱ्याला एक सवय लागते. बुवांचा गळा अचानक धरला, खोकला आला, आवाज फाटला की ऑपरेटर त्यांचा माइक तेवढ्यापुरता बंद करतो आणि मृदंग, टाळ वर घेतो. लोकांना वाटतं बुवा थांबले, आता भजनी मंडळी रंगली. बुवा पाणी पितात, मान हलवतात, माइक पुन्हा चालू. हे कोणी शिकवत नाही, कोणी सांगत नाही. पण ज्याला हे जमतं त्याला बुवा लोक पुढच्या वर्षी नाव घेऊन बोलावतात. माझा हात त्यात इतका बसला होता की डोक्याला कळायच्या आधी बोट बटणावर जायचं.

त्या बटणाला म्यूट म्हणतात. सगळे माइक ज्या यंत्राला जोडतात त्या मिक्सरवर प्रत्येक माइकची एक उभी पट्टी असते, तिला चॅनेल म्हणायचं. म्यूट दाबलं की तो माइक मेला. समोरच्या मोठ्या स्पीकरमधूनही गेला आणि गाणाऱ्याच्या पायाशी त्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या मॉनिटरमधूनही गेला.

काही वर्षांपूर्वी याच मैदानावर रूपालीचा बँड आला. पोरगी मोताळ्याकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. मी तोवर मेटल कधी ऐकलं नव्हतं. दुपारी साउंड चेकला त्यांच्या पोरानं गिटार वाजवली तर मी केबल बदलली. पुन्हा वाजवली, मी दुसरी केबल लावली. मग स्पीकरला कान लावून आतला कागदी कोन फाटला का ते बघू लागलो.

गिटारवाला म्हणाला, “काका, तो आवाज असाच आहे.”

“असाच?”

“हाव. आवाज असा फाटावा म्हणूनच तर पायाखालचं हे पेडल घेतलं.”

रूपालीनं गळा राखायचा म्हणून फक्त चार ओळी साध्या आवाजात म्हटल्या. गोड गळा. मी तेवढ्यावर तिच्या माइकची पट्टी लावून ठेवली.

शोमध्ये दुसऱ्याच गाण्यात ती खाली वाकली, माइक दोन्ही हातांनी धरला आणि तिच्या गळ्यातून घरघर निघाली. खोल, खरखरीत, जनावरासारखी. मला वाटलं पोरीचा गळा गेला. बोट बटणावर गेलं. ड्रम वर घेतला. ती ओरडतच होती. मी वाट पाहिली, सोडलं, पुन्हा तीच घरघर, पुन्हा दाबलं. तिनं मॉनिटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातानं खूण केली. मला वाटलं पाणी मागते आहे. मी स्टेजवर पाणी पाठवलं.

समोर उभ्या असलेल्यांना काय दिसलं? बाई तोंड उघडून उभी आहे आणि आवाज नाही. या आवाजाची एक गंमत नंतर कळली. तो ऐकायला मोठा वाटतो, पण माइकशिवाय फार लांब जात नाही. ड्रमपुढे तर अजिबात नाही. पोरांनी मोबाइल वर केले. हुर्यो सुरू झाला. तिनं तिसरं गाणं घेतलंच नाही.

इथपर्यंत ती चूक होती. अडाणीपणा म्हणा.

खाली आल्यावर कार्यक्रम बघणारे इंगळे सर तिला घेऊन माझ्याकडे आले. ती म्हणाली, “काका, माइक बंद होता नं?” सरांनी विचारलं, “भाऊ, तुमच्या सिस्टिममध्ये काही प्रॉब्लेम?” सिस्टिम नवी होती. पुढे लग्नसराई होती. भोवती पोरं ऐकत उभी होती. मी म्हणालो, “नाही. माइक चालूच होता.”

ती परत स्टेजवर चढली. माइक स्टँडवरून स्वतःचा रुमाल सोडला आणि गेली.

पुढच्याच आठवड्यात एका पोरानं मला मोबाइलवर बाहेरदेशातल्या बायका तसंच गाताना दाखवल्या. गळा गेला नव्हता, ते गाणंच तसं होतं. तेव्हाही मी गप्प राहिलो. क्लिप फिरत राहिली. मेटलच्या लोकांत बेसूर चालतं, पण खोटं गाणं चालत नाही. रूपाली पुण्याला गेली, तिथं तिचं नाव झालं, पण जिल्ह्यात ‘टेपवाली’ राहिली.

मैदान मोजून मी सरळ इंगळे सरांच्या केबिनमध्ये गेलो. तिचा बँड शेवटी ठेवायचा, असं मूळ ठरलं होतं. मेटलमध्ये शेवटचा बँड म्हणजे मुख्य बँड. सरांच्या टेबलावरच्या कागदावर ती आता दुपारच्या उन्हात, पहिली होती.

“पोरं हुल्लड करतील, भाऊ. रिस्क नको.”

मी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आता कशाला उकरता? तुमचंच नाव खराब होईल. सप्ताहवाले तुमच्या शब्दावर चालतात.”

“म्हणूनच तर ते खोटं चाललं, सर. तिला शेवटी ठेवा. स्टेजवरून मी स्वतः सांगतो.”

“आणि तरी हुल्लड झाली तर?”

“तर तुमच्या कार्यक्रमात माझा हा शेवटचा साउंड.”

सर म्हणाले, आधी तिला विचारा.

फोनवर रूपालीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “फॅन लोकांचं मी पाहून घेईन, काका. गाऊन दाखवीन. तुम्ही बाबाले सांगा.”

“बाबांना?”

“ते तुमाले ओळखतात. आमच्या गावचा सप्ताह तुमचाच असते नं. मी घरी येऊन म्हटलं, माइक बंद होता. ते म्हणे, साउंडवाले भाऊ खोटं नाही बोलत. तवापासून एकही शो पाह्यले नाही आले.”

मोताळ्याच्या आठवडी बाजारात तिचे वडील, सुखदेवभाऊ, वांग्याच्या ढिगामागे बसलेले सापडले. मला पाहून उठले, गोणी झटकून बसायला दिली, चहा सांगितला. सप्ताहाला मी त्यांच्याच घरी जेवतो. चहा यायच्या आत बोलावं म्हणून मी बोलून टाकलं. बाजारात गलका होता, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागलं. शेजारचा कोथिंबीरवाला ऐकत होता. ऐकू दिलं.

सुखदेवभाऊ वांगी लावत बसले. लावलेलीच पुन्हा लावली.

“म्हणजे मी माह्या पोरीचं खोटं धरलं, अन् तुमचं खरं,” ते म्हणाले.

“हो.”

“इथं लोकं मले म्हणत, तुमची पोरगी नुसती तोंड हलवते. मी मान खाली घालून ऐकलं.” हातातलं वांगं ठेवून म्हणाले, “तिले तोंडावर म्हटलं मी, भाऊ काऊन खोटं बोलीन.”

चहा आला. त्यांनी माझा कप माझ्यापुढे ठेवला, पण स्वतःचा घेतला नाही.

“मी शोमध्ये चारचौघांत सांगणार आहे. तुम्ही या,” मी म्हणालो.

“पाह्यतो.”

एवढंच. मी निघालो तेव्हा ते गिऱ्हाइकाशी बोलत होते. माझ्याकडे बघितलं नाही.

शोच्या दिवशी साउंड चेकला रूपाली आली. मी तिला माझा बेत सांगितला: आधी बोलायचं, आणि कोणाला खरं वाटलं नाही तर बटण दाबून दाखवायचं.

“दाखवा,” ती म्हणाली. “पण गाण्याच्या मधात नाही. अन् रडारड नको, काका. दोन वाक्यात सांगा.”

दिवेलागणीला तिचा बँड उभा राहिला. मैदान भरलं होतं. मागून ‘टेपवाली, टेपवाली’ सुरू झालं. मिक्सरवर माझ्यासाठी एक माइक असतो, ऑपरेटरनं स्टेजशी बोलायचा. तो मी समोरच्या स्पीकरवर घेतला.

“मी साउंडवाला बोलतो. मागच्या वेळी यांचा माइक मी बंद केला होता. मला वाटलं गळा गेला. विचारल्यावर मी खोटं सांगितलं, माइक चालू होता म्हणून.”

मग गर्दीतून आवाज आला, “काका, सेटिंग आहे का हे?” लोक हसले. आवाज पंकजचा होता. मी त्याला मिक्सरवर बोलावलं. चारचौघांनी ढकलला म्हणून तो आला.

त्याला मी पट्ट्या दाखवल्या. ही गिटार, हा बास, हे ड्रमचे माइक, ही रूपाली. टेप लावायची असती तर तिची वेगळी पट्टी लागली असती. ती इथे रिकामी आहे, मागे तारच नाही. मग मी रूपालीची सोडून बाकी सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या आणि तिला हात केला.

ती वाकली. तोच आवाज निघाला, एकटा, साऱ्या मैदानावर. मध्ये तिनं घेतलेला श्वाससुद्धा स्पीकरमधून ऐकू आला.

“आता तू दाब,” मी पंकजला म्हणालो.

त्यानं म्यूट दाबलं. आवाज गेला. ती तोंड उघडून तशीच उभी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी ड्रमरला खूण केली, त्यानं वाजवायला घेतलं. हुबेहूब त्या क्लिपमधलं चित्र. पंकजनं बोट उचललं नाही. स्टेजकडेच बघत राहिला. मला त्याच्या खांद्यावर थोपटावं लागलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि आवाज परत आला.

“बापरे,” तो म्हणाला. “मी तं तेव्हा पुढंच उभा होतो बे.” हे कोणाला म्हणाला, माहीत नाही.

मी पट्ट्या वर घेतल्या. शो सुरू झाला. घोषणा मात्र तीच राहिली, ‘टेपवाली, टेपवाली’, फक्त आता हात वर करून. रूपालीनं दुसऱ्या गाण्याआधी माइकवर सांगितलं, “माहं नाव रूपाली आहे,” आणि तेच दुसरं गाणं घेतलं जे तेव्हा अर्धं राहिलं होतं. माझं बोट त्या जागी शिवशिवलं. मी हात खिशात घातला.

गाणं संपता संपता शेजारी कोणी उभं आहे असं जाणवलं. सुखदेवभाऊ. धुवट टोपी, खांद्यावर उपरणं, दोन्ही कानांत कापूस. केव्हापासून उभे होते, कळलं नाही.

“गळा दुखत नसन का तिचा?” त्यांनी विचारलं.

“नाही म्हणते. शिकलेली आहे ती.”

“हं.” ते ऐकत राहिले. मग कापूस काढून खिशात ठेवला आणि गर्दीतून वाट काढत स्टेजकडे गेले. नंतर बापलेक स्टेजमागे उभे दिसले. ती बोलत होती, ते मान हलवत होते. मी तिकडे गेलो नाही, केबल गुंडाळत बसलो.

पोरांनी फॅन ग्रुपवर लिहिलेलं इंगळे सरांनी मला दाखवलं. पंकजनं आपली जुनी क्लिप काढून टाकली आणि खाली लिहिलं, ‘मी स्वतः बटण दाबून पाहिलं. पोरगी खरी आहे.’ एकानं लिहिलं, म्हातारा तिच्या नात्यातला असेल. एकानं लिहिलं, गाणं जबरदस्त, पण ड्रम जरा जास्त होता आणि शेवटच्या गाण्यात गिटार दबली. हे मात्र बरोबर आहे. ती चूक माझी.

क्लिपच्या नकला अजून फिरतात. वडनेर भोलजीच्या एका मंडळानं यंदा सप्ताहाला दुसरा साउंड लावला. सुखदेवभाऊंच्या गावानं मलाच बोलावलं, पण जेवायला या वेळी मंदिरात वाढलं.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. कोणाचा माइक त्याच्या भल्यासाठी बंद करण्याआधी त्याला विचारा. आणि केलाच, तर केला म्हणून त्याच संध्याकाळी सांगा. तेव्हा सांगायला एक वाक्य पुरतं.