मागच्या सीटवरची ऑपरेटर

रविवारी सकाळी गाडी निघाली की मागची डावी सीट ऑपरेटरबाईंची. ती त्यांना कुणी दिली नव्हती, त्यांनी मागितलीही नव्हती; पण तिथे एक उशी, गुडघ्यांवर घ्यायची चादर आणि दाराच्या कप्प्यात टोक केलेल्या तीन पेन्सिली कायमच्या मुक्कामाला आल्या होत्या. मुलं परीक्षेला नेतात तसलं क्लिपचं पॅड मांडीवर असायचं आणि पॅडला त्या दिवशीचे कागद.

लेक आणि जावई यांना एक छंद होता आणि तो दुसऱ्याला समजावून सांगताना दोघांचीही तारांबळ उडायची. कुणीतरी अनोळखी माणूस एखादी डबी कुठेतरी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो आणि बाकीचे लोक जीपीएस घेऊन ती शोधत फिरतात. सापडली की आतल्या चिटोऱ्यावर नाव आणि तारीख लिहायची, आणि डबी होती तिथे परत ठेवायची. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "मग हाती काय लागलं?"

"डबी," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"आणि ती घरी आणायची नाही?"

"छे! चोरी होईल ती."

शेजारीणबाईंनी नंतर हा विषय काढला नाही.

शनिवारी संध्याकाळी जावई प्रत्येक डबीचा एक कागद छापायचे. त्यावर जागेचं वर्णन, आधी येऊन गेलेल्यांचे शेरे आणि सगळ्यात खाली हिंट. पण ही हिंट गुप्त लिपीत असायची, चुकून आधीच वाचली जाऊ नये म्हणून. लिपी सोपी होती. रोमन अक्षरांपैकी पहिली तेरा वर, उरलेली तेरा खाली. वरच्या अक्षराच्या जागी खालचं वाचायचं आणि खालच्याच्या जागी वरचं. ही हिंट सोडवणं हे ऑपरेटरबाईंचं काम. त्यांचे गुडघे गेलेले. ओढ्यात उतरणं, पुलाखाली वाकणं हे काही त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. त्या गाडीत बसून एकेक अक्षर लिहायच्या. बाहेर दोघं हुडकून हुडकून थकले की जावई खिडकीशी यायचे.

"आई, लागलं का?"

"लाइन बिझी आहे. होल्ड करा."

जावई हसून परत जायचे. हिंट केव्हा द्यायची हे मागच्या सीटवर ठरायचं आणि त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती.

लाइन बिझी आहे हे वाक्य त्यांनी सत्तावीस वर्षं पोटासाठी म्हटलं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. पहिले तीन महिने नव्या मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवायचे. तिथे एक जुना बोर्ड होता: भोकं, दोऱ्या, दिवे, सगळं खऱ्यासारखं, फक्त त्याच्या तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या. मुली त्याला मुका बोर्ड म्हणायच्या. मागे उभ्या राहिलेल्या सुपरवायझरबाई "हॅलो, मला डॉक्टर हवेत" असं खोट्या आवाजात ओरडायच्या आणि मुलींनी घाईघाईने दोरी भोकात घालायची. खऱ्या बोर्डावर गेल्यावर ऑपरेटरबाईंना पहिला फोन खरोखरच डॉक्टरसाठी आला आणि त्या घामाघूम झाल्या. तो फरक त्या जन्मात विसरल्या नाहीत.

मग आपोआप लागणारे फोन आले. बोर्ड उचलून नेला. साहेबांनी त्यांना खिडकीजवळचं एक टेबल दिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आता आराम करा." त्या टेबलावर टेलिफोन नव्हता. दोन वर्षं त्यांनी तिथे बसून आराम केला, आणि कंटाळून राजीनामा दिला. यजमान गेल्यावर लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं, तेव्हा पहिले काही महिने त्या असून नसल्यासारख्या होत्या. जेवायला बोलावलं की जेवायच्या, बस म्हटलं की बसायच्या. रविवारच्या गाडीत बसू लागल्या आणि हळूहळू माणसात आल्या. याला आता तीन वर्षं झाली होती.

जावई एका इस्पितळाच्या औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. तिथल्या जाडजूड वह्या बंद करून सगळ्यांच्या हातात स्कॅनर देण्याचं काम त्यांनीच अंगावर घेऊन पार पाडलं होतं, आणि तेव्हापासून कागद दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. एका शुक्रवारी ते साबणाच्या वडीएवढं नवं नारिंगी जीपीएस यंत्र घेऊन घरी आले.

"आता कागद बंद," त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "हजार डब्या यात भरता येतात. वर्णन, शेरे, नकाशा, सगळं. छापायला नको, भिजायला नको, गाडीभर कागद उडायला नकोत."

"आणि हिंट?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"हे बघा." जावयांनी एक बटण दाबलं. पडद्यावर हिंट साध्या सरळ अक्षरांत उमटली: लोखंडी पाइपच्या आत, वरच्या बाजूला. "तुम्हाला आता काही त्रास नाही, आई. तुम्ही आराम करा."

"छान आहे हो," ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि ताटातलं उरलेलं न संपवताच उठल्या.

त्या रविवारी एरवीच्या चारऐवजी सात डब्या सापडल्या. जावई नुसते हवेत होते. ऑपरेटरबाईंनी मागच्या सीटवर बसून चादरीची घडी घातली, मोडली, परत घातली. समोरच्या दारावर टायरमध्ये किती हवा भरावी याचं पत्रक चिकटवलेलं होतं, ते त्यांनी पाच वेळा वाचलं. तीन पेन्सिली घरी आल्यावर त्यांनी पर्समध्ये घातल्या. पुढच्या रविवारी त्यांचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्याही रविवारी दुखत होते.

जावयांनी गुडघ्याला बांधायचे पट्टे आणले. लेकीने डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाले, गुडघे होते तसेच आहेत, वाईटही नाहीत आणि चांगलेही नाहीत. तिसऱ्या रविवारी दोघं एकटेच गेले आणि दुपारीच परतले. का, ते कुणी सांगितलं नाही.

गुरुवारी घरात कुणी नसताना ऑपरेटरबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं. लोक घरबसल्या शब्दकोडी सोडवतात तशा आपणही चार हिंट सोडवाव्यात, एवढाच विचार. लेकीने साइट उघडीच ठेवलेली असायची. त्यांनी एक डबी निवडली, छापायचं बटण दाबलं, तर पुढे एक छोटी यादी आली: शेरे छापायचे का, नकाशा छापायचा का. आणि शेवटी, हिंट उलगडून छापायची का? त्यापुढे टिचकी मारायचा चौकोन होता.

आयुष्य बटणांसमोर गेलेल्या बाईच्या नजरेतून असला चौकोन सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी टिचकी मारली आणि कागद छापला. खाली हिंट साध्या भाषेत.

त्यांनी कपाटातली जाड फाइल काढली. तीन वर्षांचे कागद, वर नवे, खाली जुने. आजवर त्या कधी तळापर्यंत गेल्या नव्हत्या. आता सगळी फाइल पलंगावर पालथी केली. तळाशी तीसेक कागद त्या यायच्या आधीचे होते, दोघंच जायची तेव्हाचे. प्रत्येकावरची हिंट उलगडलेली. ज्या रविवारी त्या पहिल्यांदा गाडीत बसल्या, त्या तारखेपासून सगळ्या हिंट गुप्त लिपीत.

ऑपरेटरबाई पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. त्यांना रागही आला आणि लाजही वाटली, आणि आधी काय वाटलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तीन वर्षं आपल्याला मुक्या बोर्डावर बसवलं होतं. तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या आणि आपण मात्र ऐटीत होल्ड करा म्हणत होतो.

संध्याकाळी जावई आले, हातपाय धुऊन चहाला बसले, तेव्हा त्यांनी कपाशेजारी दोन कागद ठेवले. एक त्या यायच्या आठवडाभर आधीचा, एक आल्यानंतरचा.

"जावईबापू, हे काय आहे?"

जावयांनी पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. सासूबाईंशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि खरं बोलायचीही फारशी वेळ आली नव्हती. दोघं एकमेकांना इतका मान द्यायची की मनातलं काही बोलायला जागाच उरायची नाही.

"पहिल्यांदा चुकून झालं," ते म्हणाले. "त्या दिवशी तेवढा एक चौकोन राहून गेला. तुम्ही मागून कागद मागितलात आणि दहा मिनिटांत हिंट सोडवून दिलीत. आणि हसलात. बाबा गेल्यापासून तुम्ही हसला नव्हता. घरी आल्यावर ही रडली. मग मी तो चौकोन तसाच ठेवायला लागलो."

"तीन वर्षं?"

"हो."

"मग आत्ताच का काढून घेतलं? माझी करमणूक पुरी झाली असं वाटलं?"

"तसं नाही हो आई!" जावयांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्हाला जमेना म्हणून! सुरुवातीला दहा मिनिटं लागायची, मग पाच. आणि गेलं वर्षभर वीस, पंचवीस, कधी अर्धा तास. मला वाटलं डोळे दमतायत. तुम्ही तोंडाने काही सांगणार नाही. मी काम काढून घेतलं तर मन दुखावेल, म्हणून म्हटलं, यंत्र आलं असं झालं तर कुणाला वाईट वाटायला नको."

ऑपरेटरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग उठून फाइलमधला एक कागद हाताला येईल तसा ओढला, पेन्सिलीची अक्षरं अंगठ्याखाली झाकली, हात लांब धरून खालच्या गुप्त अक्षरांवरून नजर फिरवली आणि एका दमात वाचून दाखवलं, "बाकाच्या खाली, डाव्या पायाला चुंबकाने चिकटवली आहे." दुसरा कागद ओढला. "झाडाकडे बघू नका, पाटीकडे बघा." तिसरा ओढेपर्यंत जावयांच्या हातातला चहा निवला होता.

"तुम्ही... न लिहिता?"

"दीड वर्ष झालं. अक्षरं आपोआप उलटतात डोळ्यांत."

"मग अर्धा अर्धा तास काय करत होतात?"

ऑपरेटरबाईंनी कागद परत फाइलमध्ये सारले. "घरी तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोलता? दूध आणलं का, बिल भरलं का, किल्ली कुठाय. तिथे पुलाखाली वाकून तुम्ही दोघं खिदळत असता. ही तुमच्या पाठीवर माती उडवते. मला काचेतून सगळं दिसतं. मी हिंट दिली की दोन मिनिटांत डबी सापडते आणि तुम्ही गाडीत येऊन बसता. म्हणून मी पेन्सिल चालवत बसायचे."

दारात लेक उभी होती. ती केव्हा आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "सात डब्या सापडल्या त्या दिवशी आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. नुसतं बटण, डबी, सही, गाडी. मागच्या रविवारी तर भांडून परत आलो." आणि मग आईकडे वळून, "तू म्हणजे ना, कमाल आहेस. जरा बोलली असतीस तर तोंड झिजलं असतं?"

"तुझा नवरा बोलला का?" ऑपरेटरबाई म्हणाल्या.

कागद काही परत आले नाहीत. जावई त्या बाबतीत हटवादीच होते आणि ऑपरेटरबाईंनाही कागदांचं एवढं प्रेम नव्हतं. जावयांनी जुना साधा जीपीएस माळ्यावरून काढला. त्यात नुसते आकडे भरता येत होते आणि बाण दिसायचा, बाकी काही नाही. तो दोघांनी न्यायचा. नारिंगी यंत्र, हजार डब्या आणि त्यांच्या हजार हिंटसकट, मागच्या डाव्या सीटवर. रविवारी सकाळी ऑपरेटरबाईंनी गुडघ्याचे पट्टे शेजारीणबाईंना देऊन टाकले आणि गाडीत जाऊन बसल्या.

दुसरी डबी एका बंद पडलेल्या पंपघरामागे होती. चष्मा नाकावर ओढून त्यांनी बटण दाबलं. हिंट पडद्यावर ठळक अक्षरांत आली: मागच्या खिडकीची खालची वीट सैल आहे. काचेबाहेर लेक पोटावर आडवी होऊन पायरीखाली बघत होती आणि जावई तिचे पाय धरून काहीतरी सांगत होते; ती हसता हसता उठायचं विसरली होती.

वीस मिनिटांनी जावई खिडकीशी आले. कोपरापर्यंत धूळ, कपाळावर कोळ्याचं जाळं.

"आई, लागलं का?"

पेन्सिल नव्हती, पॅड नव्हतं. यंत्र मांडीवर उताणं पडलेलं होतं आणि पडदा लख्ख उजळलेला होता.

"लाइन बिझी आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "होल्ड करा."

जावयांनी पडद्याकडे मुळीच बघितलं नाही. "बरं," म्हणाले, आणि पंपघरामागे परत गेले.