विहीणबाईंची सायकल

पुण्याहून निघताना बॅगेत भाजणी, गोडा मसाला आणि विहीणबाईंसाठी इरकली साडी कोंबली होती. जर्मनीत बेल्जियमच्या सीमेजवळ असलेल्या आखन शहरी स्टेशनाबाहेर आले, तर समोर सायकलीच सायकली. जीव सुखावला. माझ्या लहानपणीचं पुणंच कुणीतरी धुऊनपुसून इथे ठेवलं होतं.

माझी लेक केतकी इथे इंजिनिअर आहे. जावई जर्मन. त्याची आई, हानेलोरेबाई, मला भेटायला मुद्दाम पूर्व जर्मनीतल्या येना गावाहून आल्या होत्या. पंच्याऐंशी ओलांडलेल्या, ताठ, हसऱ्या. माझं खमंग थालीपीठ त्यांनी सफरचंदाच्या मुरंब्याशी खाल्लं. मी वर आणखी मुरंबा वाढला. मुलीची आई ना मी.

नात ओवी सहा वर्षांची, नुकतीच सायकल शिकलेली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. रविवारी सायकलींवरून बेल्जियमला जायचं आणि तिथले तळलेले बटाटे खायचे, असा तिने बेत ठरवला. बटाटे खायला परदेशी जायचं या कल्पनेवर मी खूश. विहीणबाई मात्र म्हणाल्या, "तुम्ही जा. माझे गुडघे दुखतात."

"गुडघे कसले, आई," केतकी मला म्हणाली. "रोज टेकडी चढतात त्या. फक्त सायकलवर कधी बसत नाहीत."

कुणी सायकलवर बसत नाही म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मी केतकीला दुकानात पिटाळलं आणि मोठ्यांची तीनचाकी सायकल भाड्याने आणवली. विहीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू बोलू लागल्या आणि केतकी मला सांगत गेली.

युद्ध संपलं तेव्हा त्या ओवीएवढ्या होत्या. गावात परक्या फौजेचा अंमल. वडील परतले नव्हते. आई सायकलवरून खेडोपाडी जाऊन बटाटे मिळवून आणायची. त्याच सायकलवर विहीणबाई गल्लीत शिकत असताना एका सैनिकाने हँडल धरलं, त्यांना अलगद खाली उतरवलं आणि सायकल घेऊन गेला.

"त्यालाही येत नव्हती," विहीणबाई हसल्या. "कोपऱ्यापर्यंत दोनदा पडला. आम्ही मुलं पोट धरून हसलो. मग मी घरी गेले, तर आई रडत होती."

त्या हिवाळ्यात घरात बटाट्यांची सालंही शिजवून खाल्ली. तेव्हापासून सायकल म्हटलं की कुणीतरी येऊन हँडल धरील, असंच त्यांना वाटत आलं.

मला भरून आलं. ओवीने मात्र तिन्ही चाकं नीट न्याहाळली. "ओमा (आजी), ही कुणीच पळवणार नाही. लाज वाटेल त्यांना."

विहीणबाई खदखदून हसल्या, आणि चक्क सीटवर बसल्या.

रविवारी आम्ही सगळे निघालो. जुना रेल्वेमार्ग काढून केलेला सायकलरस्ता, दोन्हीकडे कुरणं, गायी. सुरुवातीला बाई दोनदा कुंपणावर आदळल्या. मग हात बसला आणि त्या गायींनाही घंटी वाजवून दाखवू लागल्या. इथली सीमा म्हणजे गवतातला एक दगड. त्याच्या अलीकडे छोटा चढ होता. तिथे त्यांचा वेग मंदावला. मी माझी सायकल टाकून धावले आणि मदत म्हणून त्यांचं हँडल धरलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय केलं ते माझ्या लक्षात आलं, पण घाबरून हातच सुटेना.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "लोस्लासन (सोडा)," त्या पुटपुटल्या. मग खणखणीत आवाजात पुन्हा एकदा, "लोस्लासन."

मी सोडलं. त्यांनी घंटी वाजवली, पेडल मारलं आणि दगड मागे टाकून बेल्जियममध्ये शिरल्या. ओवी टाळ्या पिटत मागोमाग.

आम्ही पोचलो तेव्हा त्या बटाट्यांच्या गाडीपाशी उभ्या होत्या. पहिला गरम काप त्यांनी मला भरवला. "आईने हे बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी डोळे पुसत, हसत, तोंड भाजून घेत खात राहिलो.

केतकीच्या लग्नात वरमाय एकदाही रुसली नाही, म्हणून माझ्या बहिणी हिरमुसल्या होत्या. पुण्याला परतल्यावर त्यांनी विचारलं, "जर्मनीत काय पाहिलंस?" मी सांगितलं, माझी विहीण माझ्यावर एकदाच डाफरली. तेवढं ऐकायला मी पुन्हा जाईन.