मागे वळा म्हणणारी बाई

माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही तीन माणसं आणि अर्धा नकाशा असे निघालो.

मी नववीतून शाळा सोडली आणि पुण्याला एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर लागलो. साहेब देवमाणूस. ‘मुलगी पाहायला जातोयस ना? मग गाडी घेऊन जा’ म्हणाले, आणि वर काचेला चिकटवायचं रस्ता दाखवणारं यंत्रही दिलं. (ते यंत्र माझ्या पगाराहून महाग! पुण्याहून घरी अमरावतीला येईपर्यंत मी खड्डा आला की आधी त्याला हात लावायचो, मग ब्रेकला.) एवढंच म्हणाले, ‘नकाशा जुना आहे, तेवढा अपडेट करून घे.’

हे ‘तेवढं’ करायला मी अमरावतीतच राजापेठेत सलीमभाईंच्या सायबर कॅफेत गेलो. त्यांनी यंत्राला वायर लावली, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

“भाई, इसमें जगह नहीं है. कुछ उडाना पडेगा.”

“काय उडवता?”

“पुराना नक्शा.”

जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही, हे मलाही पटलं. “उडवा!” म्हणालो. जुना नकाशा झटक्यात गेला. नव्याची हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत अर्ध्यावर आली, आणि गेली लाईट! भारनियमनाचे दिवस ते. आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहा न घेताच निघून जायची. सलीमभाई म्हणाले, “घबराओ मत, बॅटरी है!” बॅटरी टूं टूं करून रडली आणि तीही गेली. मी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

लाईट आल्यावर पुन्हा वायर लावली.

“ये बोलता है, सब अपडेट हो गया.”

“अहो, अर्धाच गेला ना तो!”

“मेरेको मालूम है. इसको नहीं मालूम.”

वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला, यंत्र बंद करून चालू केलं. सलीमभाईंनी त्याला एकदा हळूच थापटलंसुद्धा. सगळ्याला उत्तर एकच, सब अपडेट! नकाशात अमरावती होती, अकोला होतं, मधला मोठा रस्ता होता. गावं तेवढी गायब. आणि आम्हाला जायचं होतं मूर्तिजापूरच्या पुढं, आत, एका गावात.

सोयरीक सुचवणारा, रस्ता माहीत असलेला माणूस सोबत येणार होता, तो ऐनवेळी तापानं फणफणला. मग गाडीत मी, माय आणि बंडूमामा. बाबा गेल्यापासून आमच्या घरी राग मामाच धरतात आणि निर्णयही तेच घेतात. त्यांनी बसल्याबसल्या फर्मान काढलं, “रस्ता कोनालेच इचाराचा नाई!”

“काहून?”

“काहून म्हंजे? इचारलं का लोक म्हनते, कोनाच्या घरी चालले? मंग कोनीतरी भांजी मारते. दोन सोयरिका अशाच मोडल्या तुह्या!”

(त्या दोन्ही माझ्या नववीमुळं मोडल्या होत्या. पण मामांना हे कोण सांगणार?)

डांबरी रस्ता सोडून गाडी आत वळली आणि यंत्रातली बाई बोलली, “कृपया पीछे मुडिये.”

मामा उसळले. “हे कोन बाई हाय बे? शुभकार्याले निघालो, अन् हे मांगं फिरा म्हनते!”

“मामा, तिले रस्ता दिसून नाई राहिला.”

“कृपया पीछे मुडिये.”

“तोंड बंद कर तिचं! पह्यलेच तुले कोनी पोरगी देऊन नाई राहिलं!”

मी आवाज बंद केला. आता पडद्यावर फक्त पांढरं आणि त्यात आमचा बाण. तो इमानदारीनं पुढं चालला होता. शेवटी एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावराशी रस्ताच संपला. मामांच्या मोबाइलला रेंज नाही. माय उन्हानं लाल झालेली. मी यंत्र काचेवरून उपटलं, धुऱ्याच्या बांधावर उभा राहिलो आणि आभाळाकडं धरून गोल गोल फिरू लागलो. उपग्रह दिसला की नीट होईल, असा माझा समज.

पांढरी गाडी, पॅन्ट-शर्टातला माणूस, हातात मशीन, समोर पऱ्हाटी! आरोळी उठली, “पाहनीवाले आले रेऽ!”

बघता बघता माणसं जमली. डोक्याला दुपट्टा बांधलेला एक उंच माणूस पुढं आला. “नुकसानीची सरकारी पाहनी का?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तर मागून उतरून आलेल्या मामांनी माझा पाय दाबला. “हो जी, पाहनीच! चालू द्या तुमचं काम.”

“चालू द्या? मांगच्या साली आले, गाडीतून खाली नाई उतरले! काचातूनच फोटो काढून गेले! त्याच्या आंधी आले, ते चिवडा खाऊन गेले! काय पाहाले येता बे तुमी? तमाशा?”

त्यानं माझ्या हातात बोंड कोंबलं. फोडून आतली अळी तळहातावर ठेवली. “पाह्य! हे लिहून घे! मशीन लावून पाह्य तिले!” अळी चालू लागली. मी हललो नाही. तो जे बोलत होता त्यातला शब्दन् शब्द खरा होता, फक्त पत्ता चुकला होता. मागून एक म्हातारा ओरडला, “मुका हाय का हा साहेब?”

मी घामानं चिंब झालो. मामा झाडाकडं बघत होते.

शेवटी मायच गाडीतून उतरली आणि आधी मामांवर कडाडली. “बंड्या, आग लागो तुह्या शहानपनाले! दादा, हा साहेब गिहेब काई नाई, माहा पोरगा हाय. ड्रायव्हर हाय. पोरगी पाहाले आलो आमी. वासुदेवरावाचं घर कोनतं, तेवढं सांगा!”

उंच माणसानं डोक्याचा दुपट्टा सोडला, तोंड पुसलं.

“मीच वासुदेव.”

घरी पोहे आले. मुलगी समोर येऊन बसली. वासुदेवराव तिला म्हणाले, “तुले काई इचाराचं असन तं इचार.”

तिनं माझ्या हातातल्या यंत्राकडं पाहिलं. “हे चालते का?”

“नाई.”

“मंग हातात काहून धरून बसले?”

मी यंत्र हळूच मांडीखाली सरकवलं. सोयरीक गेली, असं समजून मामा चप्पल शोधू लागले. तेवढ्यात वासुदेवराव म्हणाले, “पोट्टं आमाले पसंत हाय. मी येवढं बोललो, एक उलटा शब्द नाई काढला. असं शांत पोट्टं माह्या पोरीजवळ टिकन.”

सासरे आजही पाहुण्यांना हेच सांगतात. शांत कसला! माझी वाचा बसली होती. बायकोला हे पहिल्याच महिन्यात कळलं. म्हणाली, “बाबांले सांगू नोका, नाई तं ते आनखी एकडाव बोलून पाहातीन.”

मी कशाला सांगतो! अख्ख्या सासुरवाडीत माझ्या नावावर एवढा एकच गुण जमा आहे, आणि तोही भीतीनं मिळालेला.